बेनब्रिज बेटावर कुत्र्यासोबत: ग्रँड फॉरेस्ट आणि आसपासच्या सोप्या जंगलवाटा

सिएटलच्या पिअर 52 या धक्क्यावरून सुटलेली फेरीबोट 35 मिनिटांत बेनब्रिज बेटावरच्या विन्स्लोला लागते. सिएटलजवळच्या बेलव्ह्यू-रेडमंडकडून कुत्र्याला घेऊन एका दिवसाची सहल करायची असेल तर आधी हे बेट निवडावं. चढ बेताचे, सावली भरपूर आणि बेटाच्या पार्क खात्याच्या या जंगलांत शिरायला पैसे पडत नाहीत. चालणं लहान मुलांनाही जमेल असं आहे. डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं ते कुत्र्याच्या तोंडावर, कारण इथे जे काही बिघडतं ते बहुतेक वेळा त्याने काहीतरी उचलून खाल्ल्यामुळेच.

पायी जाणाऱ्याला तिकीट फक्त सिएटलहून निघताना काढावं लागतं, परतीचं लागत नाही. गाडीचं भाडं मात्र दोन्ही वेळा. जंगलं विन्स्लोपासून लांब आहेत (ग्रँड फॉरेस्ट पाचेक किलोमीटर), म्हणून गाडी नेलेली बरी. फेरीवर कुत्रा लीशला (हातात धरायच्या पट्ट्याला) बांधलेला किंवा पिंजऱ्यात हवा. तो गाडीतच राहणार असेल तर गाडीचा अलार्म आधी बंद करा. बोटीच्या थरथरीने आणि आत कुत्रा हलल्यानेही अलार्म वाजतो, मग अख्खा कार डेक भुंकायला लागतो. भोंग्याला घाबरणाऱ्या कुत्र्याजवळ कोणीतरी बसून राहावं.

ग्रँड फॉरेस्टचे पश्चिम आणि पूर्व असे दोन मुख्य भाग आहेत आणि त्यांना जोडणारं हिलटॉप नावाचं कुरण मध्ये आहे. सुरुवात पश्चिमेकडून, मिलर रोडच्या पार्किंगपासून करावी. जागा थोड्याच गाड्यांची आहे, सुट्टीच्या दिवशी दहाच्या आत पोहोचा. पश्चिमेचा फेरा साधारण दीड मैलाचा, रमतगमत पाऊण तासाचा. हे मूळचं जंगल नाही. एकदा तोड झाल्यावर पुन्हा उभं राहिलेलं आहे. डग्लस फर आणि रेड सीडरची झाडं, खाली कमरेएवढे नेचे, आणि मध्येमध्ये जुन्या तोडीचे रुंद, काळपट बुंधे. त्या बुंध्यांवरच नवी झाडं रुजलेली दिसतात, तिथे जरा थांबाच.

दम असेल तर पुढे हिलटॉपवर या. आकाश स्वच्छ असलं तर ऑलिंपिक पर्वतरांग दिसते. तिथून पूर्व भागात उतरून परत आलं की एकूण चारेक मैल होतात, कुत्र्याच्या हुंगण्यासकट अडीच तास धरा. मिलर रोड ओलांडून बॅटल पॉइंट पार्ककडे जाणारी आणखी एक वाट आहे, फॉरेस्ट टू स्काय. त्या पार्कात वेधशाळा आहे, म्हणून हे नाव. तिथला सपाट डांबरी फेरा म्हाताऱ्या कुत्र्यांना चांगला मानवतो.

वाटांवर सायकली आणि घोडेही येतात. सहा फुटी साधी लीश वापरा. लांब सुटणाऱ्या रीळवाल्या लीशने वळणावर घोटाळा होतो: कुत्रा पलीकडे, तुम्ही अलीकडे आणि मधून सायकल. घोडा दिसला की वाटेच्या उताराकडच्या बाजूला सरका, कुत्र्याला बसवा आणि स्वाराशी दोन शब्द बोला. माणसाचा आवाज ऐकला की घोडा सहसा बिचकत नाही.

आता तोंडाचं. पॅसिफिकच्या या किनाऱ्यावर कच्चा सॅमन कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतो. माशातल्या एका चपट्या कृमीमध्ये जिवाणू असतो आणि कुत्र्याला बाधतो तो जिवाणू. शरद ऋतूत सॅमन ओढ्यांमध्ये परततात, अंडी घालून मरतात आणि पक्षी-प्राणी त्यांचे तुकडे पाण्यापासून दूरही टाकतात. खाल्ल्यावर साधारण आठवड्याने ताप, उलट्या, जुलाब सुरू होतात आणि कुत्रा अन्नाला तोंड लावत नाही. तोवर घरचे सहल विसरलेले असतात, हीच खरी अडचण. व्हेटला (जनावरांच्या डॉक्टरला) पहिल्याच वाक्यात सांगा की कच्चा मासा खाल्ला असावा. वेळेत औषध दिलं तर कुत्रा बरा होतो, नाही दिलं तर बहुतेक वेळा दगावतो.

शरद ऋतूतच अळंबी उगवतात आणि त्यांतल्या काही विषारी असतात, म्हणून एकही तोंडात जाऊ देऊ नका. मोठे पिवळसर बनाना स्लग (बिनशंखाच्या गोगलगायी) चाटले तर तोंडाला चिकट फेस येतो. कोरड्या फडक्याने पुसून काढा. डबक्याचं पाणी पाजू नका. मुंबईच्या पावसाळ्यामुळे आपल्याला माहीत असलेला लेप्टो हा आजार कुत्र्यांना इथेही होतो, त्याची लस घेतलेली असावी. कुत्र्यामागे एक लिटर पाणी आणि घडीची वाटी पुरते. वाटेच्या कडेला उन्हाळ्यात खाजरी नेटल वाढते, आखूड केसांच्या कुत्र्याचं पोट आणि नाक तिच्यापासून जपा.

दुसरा पर्याय गॅझम लेकचा. जंगल अधिक दाट आणि शांत आहे, पण तळं राखीव आहे, कुत्र्याला पाण्यात सोडू नये. समुद्राकडे उतरणारी वाट तीव्र आहे, गुडघे दुखत असतील तर ती टाळा. फोर्ट वॉर्ड त्याहून सोपं: खाडीपलीकडच्या ब्रेमर्टन शहरातल्या नौदल गोदीच्या रक्षणासाठी बांधलेल्या जुन्या तोफखान्याची जागा, गाड्यांना बंद असलेला किनाऱ्यालगतचा डांबरी रस्ता आणि वर झाडीतली पायवाट. समोरच्या अरुंद खाडीतून ब्रेमर्टनची फेरी जवळून जाते. ब्लोडेल रिझर्व्ह ही बेटावरची बाग मात्र कुत्र्यांसाठी नाही, तिथे त्यांना प्रवेशच नाही.

नोव्हेंबर ते मार्च चिखल असतो आणि डिसेंबरात साडेचारच्या आत अंधारतं, तेव्हा दोनला वाट धरणं उशिराचं. जोराच्या वाऱ्याच्या दिवशी जाऊ नका, फांद्या तुटून पडतात. ओली मुळं निसरडी असतात, रबरी तळव्याचे बूट घाला. गाडीत दोन जुने टॉवेल ठेवा. परतीच्या रांगेत उभं असतानाच बोटांच्या मधले भाग, कानांच्या मागचा भाग आणि काखा गोचिडांसाठी तपासून घ्या. उन्हाळ्यात रविवारी दुपारनंतर ही रांग एक-दोन फेऱ्या चुकाव्यात इतकी लांबते, तेव्हा गाडीच्या काचा खाली असू द्या आणि पाणी उरवून ठेवा.