प्लग किती आवळायचा?

स्पार्क प्लग सैल राहिला तर कॉम्प्रेशन गळतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. खरा धोका उष्णतेचा. प्लगच्या टोकाची बरीचशी उष्णता वॉशर आणि आट्यांमधून हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) उतरते. वॉशर नीट चेपला नाही तर टोक तापून लाल होतं, ठिणगीआधीच मिश्रण पेटतं आणि पाळी पिस्टनवर येते. जास्त आवळला तर प्लगचं धातूचं कवच ताणलं जातं, नाहीतर अ‍ॅल्युमिनियम हेडचे आटेच जातात. मग हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवत बसा.

इंजिन पूर्ण थंड हवं. प्लगवरची इग्निशन कॉइल काढली की आधी प्लगच्या खड्ड्यात हवा मारा. तिथली वाळू प्लग निघताच सिलिंडरमध्ये पडते. प्लग अडला तर जोर लावू नका. थोडं पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, थांबा, मग पुढे-मागे करत सोडवा.

नवा प्लग रॅचेटशिवाय, नुसत्या सॉकेट-एक्स्टेन्शनने बोटांनी फिरवायचा. खोल खड्डा असेल तर प्लगच्या डोक्यावर घट्ट बसणारी रबरी नळी त्याहून बरी, कारण आटा तिरका लागला की नळीच घसरते. एक-दोन फेऱ्यांतच अडला तर काढून पुन्हा लावा.

अ‍ॅल्युमिनियम हेड आणि वॉशरवाला प्लग असेल तर 14 मिमी आट्याला साधारण 25 ते 30 न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा जोर), 12 मिमीला 15 ते 20, 10 मिमीला 10 ते 12. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. इथे एक घोळ नेहमी होतो: हे माप आट्याचं आहे, सॉकेटचं नाही. 14 चा सॉकेट लागणाऱ्या बऱ्याच प्लगचे आटे 12 मिमीचे असतात, आणि त्यांना 28 न्यूटन-मीटर दिला की संपलं.

टॉर्क रेंच (हा जोर मोजणारा पाना) नसेल तर 14 मिमीचा नवा प्लग हाताने टेकेपर्यंत बसवून पुढे अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. जुनाच परत लावत असाल तर वॉशर आधीच चेपलेला असतो, त्याला फेऱ्याचा बारावा भाग पुरे. वॉशर नसलेल्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला सोळावा. सॉकेटवर मार्करने खूण केली की अंदाज चुकत नाही.

आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणूनची पेस्ट) लावायची सवय सोडा. घर्षण घटतं, त्यामुळे रेंच तोच आकडा दाखवत असला तरी प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. प्लग बनवणारी एनजीके कंपनीही आपल्या प्लगवर ते लावू नका असंच सांगते.

ब्रँड बदलताना नुसता हीट रेंजचा (प्लग टोकाची उष्णता किती लवकर सोडतो त्याचा) आकडा जुळवू नका. एनजीकेत आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा, बॉशमध्ये नेमकं उलट. इरिडियम टोकाच्या प्लगचा गॅप (ठिणगी पडते ती फट) नाण्यासारख्या गोल गेजने वाढवायला गेलात तर बारीक टोक तुटेल. हातातून पडलेला प्लग लावूच नका, सिरॅमिकची चीर बाहेरून दिसत नाही.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडा. टोक फिकट तपकिरी म्हणजे ठीक. वरच्या पांढऱ्या सिरॅमिकवर तेल असेल तर व्हॉल्व्ह कव्हरची सीलं गळताहेत, आणि ती बदलली नाहीत तर नव्या प्लगचीही मिसफायर (ठिणगी चुकणं) लवकरच सुरू होईल.