उशुआयाहून सायकल सुरू करणार असाल, तर आधी वारा बघा

दक्षिण अमेरिका सायकलने, एकटीने करायची तर सुरुवात खालच्या टोकाला, अर्जेंटिनातल्या उशुआयाला करायची, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की वारा कुठून येतो हे मी पाहिलंच नाही. ज्यांना विचारलं त्यांनीही वाटेतल्या पासो गारिबाल्दी घाटाची धास्ती घातली. "तो घाट चढलीस की पुढे सगळं सपाट." घाट जेमतेम ४५० मीटर उंचीचा, दुपारच्या आत मागे पडला. मला रडवलं ते त्या सपाटीने.

तोलुइन गावामार्गे रियो ग्रांदे शहरापर्यंतचे दोनशेहून थोडे जास्त किलोमीटर मजेत गेले. तोलुइननंतर हळूहळू झाडं संपतात, एवढं मात्र लक्षात ठेवा. झाडं संपली की आडोसा संपला.

सान सेबास्तियानला सीमा ओलांडून चिलीत शिरलात की समोर दोन वाटा असतात. एक वर सेरो सोंब्रेरो गावाकडे जाते, दुसरी पश्चिमेला पोर्व्हेनिर या बंदराच्या गावाकडे. मी पोर्व्हेनिरची धरली. साधारण १४५ किलोमीटर, दोन दिवसांत होतील असा हिशोब केला होता. चार दिवस लागले. या भागात वारा बहुतेक पश्चिमेकडूनच येतो आणि उन्हाळ्यात, म्हणजे आपण सगळे जातो त्याच महिन्यांत, तो सर्वांत जोरात असतो. सपाट रस्त्यावर, सर्वांत हलक्या गिअरवर, ताशी सहा किलोमीटर. ओनाइसिनच्या फाट्यापुढे खडी लागली आणि मग तेही जमेना. बाजूने झोत आला की सायकल आडवी. दुसऱ्या दुपारी तीन तास नुसती ढकलत होते. डावीकडे बाहिया इनुतिल हा उपसागर. इनुतिल म्हणजे निरुपयोगी. नांगर टाकायला जागा नाही की आसरा नाही, म्हणून दर्यावर्दींनी उपसागराला हे नाव दिलं. किनाऱ्यावरून चालताना ते नाव अगदी पटलं.

त्यात जेवणाची पंचाईत. चिलीच्या सीमेवर ताजी फळं, भाज्या, मध, मांस नेऊ देत नाहीत. माझे कांदे, लसूण, सफरचंदं सगळं गेलं. अर्जात खाण्याच्या वस्तू आहेत असं खरं लिहा, लपवलंत तर दंड होतो. रियो ग्रांदेतून निघतानाच पास्ता, ओट्स असं कोरडं सामान घ्या आणि हिशोबापेक्षा दोन दिवसांचं जास्त घ्या. वाटेत खरेदी होईल या भरवशावर राहू नका. पाणीही तसंच, मी सहा लिटर वाहत होते आणि ते मला पुरलं नाही. शेवटी एका गाडीवाल्याने थांबून बाटली दिली.

तंबू उघड्यावर लावायच्या फंदात पडू नका. माझा एक खांब पहिल्याच रात्री वाकला. रस्त्याकडेला बसथांब्यासारखे छोटे निवारे आहेत, त्यांत झोपा, आणि पुढचा निवारा किती लांब आहे हे कळल्याशिवाय दुपारनंतर तिथून हलू नका. डिसेंबरात पहाटे पाचच्या सुमारास उजाडतं. चारला उठा, दहापर्यंत जेवढं अंतर कापता येईल तेवढं कापा. तेव्हा वारा त्यातल्या त्यात कमी असतो.

माझं स्पष्ट मत: पूर्वेकडून पोर्व्हेनिरला सायकलने जाऊच नका. टोकापासूनच निघायचा हट्ट असेल तर सान सेबास्तियानहून सेरो सोंब्रेरोच्या पक्क्या रस्त्याने वर जा. वारा तिथेही छळतो, पण निदान खडी नाही. त्याहून बरं म्हणजे सुरुवात पलीकडच्या किनाऱ्यावरच्या, चिलीतल्या पुंता अरेनास शहरातून करा. फेरी बोटीने मॅगेलनची सामुद्रधुनी ओलांडून पोर्व्हेनिरला उतरा आणि हाच रस्ता वारा पाठीशी घेऊन उलटा करा. मला समोरून येणारा एक सायकलस्वार भेटला, तो पेडल न मारता चालला होता. उशुआया गाठून झालं की बसने परत वर या आणि खंड चढायला लागा.

पोर्व्हेनिरहून पुंता अरेनासची फेरी रोज असेलच असं धरू नका, वेळापत्रक आधी बघून ठेवा. प्रवास अडीच तासांचा आहे. मी पूर्ण वेळ झोपले होते.