वॅरिओची पी-पी आणि माइकची टोपी

टेबलावर निवांत पडलेलं माझं ग्लायडर सेकंदाला तीन मीटर वेगाने वर चाललं होतं. निदान वॅरिओ तरी तसं सांगत होता. लगेच दोन मीटरने खाली, परत वर. ट्रान्समीटरची पी-पी ऐकून आई स्वयंपाकघरातून ओरडली, "ते बंद कर आधी, कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीयेत!"

विमान रेडिओवर चालणारं, दोन मीटर पंखांचं. मोटर फक्त वर नेण्यापुरती, पुढे सगळी भिस्त थर्मलवर, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या गरम हवेवर. दीडशे मीटरवर गेलं की ते चढतंय की उतरतंय हे खालून डोळ्यांना कळत नाही. म्हणून आत वॅरिओ बसवायचा. तो हवेच्या दाबावरून चढ-उताराचा वेग काढतो आणि चढ असला की पी-पी करतो. विकतचा न घेता मी आर्डुइनो नॅनो हा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड आणि एमएस ५६११ हा दाबाचा सेन्सर जोडून घरीच केला. हौस, दुसरं काय.

पहिली चूक गणिताची होती. सेन्सरची उंची जागच्या जागी दहाएक सेंटिमीटर इकडेतिकडे होते, ते चालायचंच. पण मी दर २० मिलिसेकंदांनी दोन उंचींची वजाबाकी करून वेळेने भागत होतो. ०.१ भागिले ०.०२, म्हणजे सेकंदाला पाच मीटर! सेन्सर बिचारा दहा सेंटिमीटर चुकत होता, त्याचे पाच मीटर मी करत होतो.

मग सरळ तीन सेकंदांची सरासरी घेतली. टेबलावर एकदम शांत. खूश होऊन रविवारी सांवेरच्या पुढे गेलो (इंदूरचा विमानतळ जवळ नको म्हणून एवढं लांब). गहू निघून गेलेला, काळी रानं तापलेली, वर दोन घारी गोल फिरत होत्या. त्यांच्याखाली विमान नेलं, ते थर्मलमधून आरपार गेलं आणि पलीकडे पोचल्यावर वॅरिओ म्हणाला, चढ आहे! तीन सेकंदांची सरासरी म्हणजे साधारण दीड सेकंद उशीर. सेकंदाला दहा मीटर वेगाने तेवढ्यात विमान पंधरा मीटर पुढे गेलेलं असतं, आणि खालच्या उंचीवरचा थर्मल मुळात चिंचोळा. घारी वर गेल्या, मी खाली आलो.

सरासरी एका सेकंदावर आणली, तर उड्या परत सुरू. खरा उलगडा मामामुळे झाला. मामा संध्याकाळी रामबागेतून आला होता, शेजारी बसून आकडे बघत होता. उकडत होतं म्हणून त्याने पंखा लावला आणि आकडे नाचायला लागले. बंद केला, थांबले. मग दार धाडकन लावून पाहिलं, तरी उडी.

"अरे, वारा लागतोय त्याला. तुझ्या विमानात काय कमी वारा आहे?"

नाकाला मोटरचा कंट्रोलर गार राहावा म्हणून मीच भोक पाडलं होतं आणि सेन्सर बरोबर त्याच्या मागे! सेकंदाला बारा मीटर वेगाने समोरून येणाऱ्या हवेचा दाब साधारण ७५ पास्कल. उंचीच्या एका मीटरला आपल्याकडे दहा-अकरा पास्कलच पडतात. म्हणजे तो सगळा दाब आत शिरला तर सात मीटरचा घोळ, आणि वेग बदलला की घोळही बदलणार. सेन्सर वेगळ्या कप्प्यात ठेवला, कप्प्याला बाजूने बारीक छिद्रं दिली.

तरी दर फेरीला एक उडी राहिलीच. आलेख काढला तर उड्या अगदी ठरावीक अंतराने, विमान सूर्याच्या एकाच बाजूला वळलं की. या सेन्सरच्या झाकणाला भोक असतं आणि आतल्या चिपला ऊन सोसत नाही. माझी कॅनपी, म्हणजे विमानाचं वरचं झाकण, पारदर्शक! खिडकीतल्या उन्हात धरून हाताची सावली काढ-घाल केली, तर उंची मीटर-मीटरने हलली. महाराणी रोडवरून माइकला लावतात ती काळ्या स्पंजची टोपी आणली, कापून सेन्सरवर बसवली. ऊनही अडलं, उरलासुरला वाराही.

त्यानंतर कुठे फिल्टरला अर्थ आला. सरासरी काढून टाकली आणि अल्फा-बीटा फिल्टर घातला. मागच्या वेगावरून पुढची उंची आधी ताडायची, मग सेन्सर सांगतो ती बघायची आणि दोहोंतल्या फरकाचा थोडाच भाग पदरात घ्यायचा. उशीर अर्ध्या सेकंदाच्या आसपास आला. पुढच्या रविवारी पी-पी वाजल्यावर लगेच वळलो, तर थर्मल तिथेच होता. चौथ्या-पाचव्या फेरीला एक घार आमच्याच फेऱ्यात घुसली. याहून मोठं सर्टिफिकेट मला तरी नको.

एक खोड अजून आहे. वेगात असताना एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची फळी) ओढला की वॅरिओ आनंदाने ओरडतो. त्यात त्याची चूक नाही, विमान खरंच वर जातं, पण वेग खर्चून. सेकंदाला पंधरा मीटरवरून बारावर आलं की चारेक मीटर उंची फुकट मिळाल्यासारखी दिसते. मोठ्या ग्लायडरना यासाठी टोटल एनर्जीची नळी असते. वेग वाढला की ती तेवढ्याच हिशेबाने दाब कमी दाखवते, त्यामुळे वेग आणि उंचीची नुसती देवाणघेवाण वॅरिओवर शून्य दिसते. पितळेची बारीक नळी आणलीय. भोक पाडताना दोन वाकल्या, तिसरी मामाच्या व्हाइसमध्ये अडकवून ठेवली आहे.