झाकण

दुपारची वेळ, रस्ता मोकळा, गाडी मजेत चाललेली. आणि एकाएकी आवाज पातळ झाला. दोन आचके, एक ढेकर, मग नुसता वारा. क्लच दाबून गाडी कडेच्या झाडाखाली नेली आणि मीटरवर नजर टाकली. घरापासून बारा किलोमीटर. परवाही बाराच.

जुनी मोटारसायकल चकाचक करून रस्त्यावर आणली की एक गंमत होते. ती नुसती उभी असते तेव्हा लोक तिच्याकडे बघतात, बंद पडून उभी असते तेव्हा तुमच्याकडे. "कितवं मॉडेल?" एकाने विचारलं. १९६७चं, म्हटलं. "अजून चालते?" असं विचारून तो निघून गेला. प्रश्न खरं तर रास्त होता.

गाडी बाबांची. पुष्कळ वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. मी ती पार नटबोल्टापर्यंत उकलली, सांगाड्याला रंग दिला, झिजलेला सिलिंडर कोरून बोअर केला, नवा पिस्टन, नव्या रिंगा. चौदा महिने गेले. पहिल्या दिवशी तिसऱ्या किकला ती बोलली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. धुरामुळे, असं मी घरात सांगितलं. आणि पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये तिने एक नट, दोन वॉशर आणि नंबरप्लेटचा एक स्क्रू रस्त्याला वाहिला.

नव्या पिस्टनची गाडी पहिल्यांदा बंद पडते तेव्हा छातीत धस्स होतं. पिस्टन जाम झाला की मागचं चाक जागीच अडतं, म्हणून रनिंग-इन होईपर्यंत, म्हणजे नवे भाग रुळेपर्यंत, माझी दोन बोटं कायम क्लचवर. पण ही काही जाम झाली नव्हती. किक मोकळी जात होती. दहा मिनिटं थांबलं की पहिल्या किकला चालू, जसं काही झालंच नाही. तापली की बंद, निवली की चालू. हे लक्षण जुन्या गाडीवाल्यांपैकी कुणालाही सांगा, एका सुरात उत्तर येईल: कंडेन्सर, ठिणगीच्या यंत्रणेतला एक छोटा भाग. एखादा म्हणेल कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणारं वेटोळं. तापल्यावर कॉइलच्या आतली तार दगा देते, थंड झाली की पुन्हा जुळते. दोन्ही निदानं पुस्तकात छापण्याजोगी.

तर मी कंडेन्सर बदलला. त्याच बैठकीत कॉइलही बदलली. आणि हात काळे झालेच आहेत तर प्लगही. माझी ही जुनी खोड आहे. तीन गोष्टी एका वेळी बदलायच्या आणि गाडी सुधारली तर कशामुळे, ते आयुष्यभर कळू द्यायचं नाही. यावेळी तो धोका नव्हता. गाडी सुधारलीच नाही.

बाबा असं कधी करत नसत. एका वेळी एकच. पॉइंटचं, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन टोकांचं, झाकण काढून ते उकिडवे बसायचे आणि मी बॅटरी धरायचो. बॅटरी म्हणजे टॉर्च. आमच्याकडे तिला टॉर्च कुणी म्हटलं नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला बॅटरी धरायला सांगणं हा मोठ्यांच्या जगातला पहिला प्रवेश असतो आणि पहिला अपमानही. "मी बघतोय तिथे धर. तू बघतोयस तिथे नाही." मी बघत असायचो भिंतीवरच्या त्यांच्या सावलीकडे. हात किंचित हलवला की सावलीचं नाक लांब व्हायचं. तेवढ्यात प्रकाश पॉइंटवरून सरकायचा आणि पुन्हा तेच वाक्य.

त्यांच्याकडे फीलर गेज होता. पोलादी पातळ पात्यांचा पंखा, प्रत्येक पात्यावर आकडा कोरलेला. त्यातलं एक पातं ते निवडायचे, शर्टाच्या टोकाला पुसायचे आणि दोन पॉइंटांच्या मधून सरकवायचे. ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, एवढ्याशा फटीवर एवढी मोठी गाडी चालते हे मला तेव्हाही पटायचं नाही. "घासलं पाहिजे, अडकता कामा नये," असं म्हणत ते मलाही एकदा पातं सरकवायला द्यायचे. ती बारीकशी ओढ अजून बोटांत आहे. मग जाडसर कागदाचा एक कोरा तुकडा मधून ओढून काढायचा, त्यावर काळी रेघ उमटायची. रेघ उमटेनाशी झाली की काम झालं. गाडीच्या सहा व्होल्टच्या बॅटरीतून प्लगच्या टोकाशी हजारो व्होल्ट कसे निघतात, हे त्यांनी मला कॉइलची दोन वेटोळी कागदावर काढून समजावलं होतं. मी मान डोलावली होती. प्लग हेडला टेकवून किक मारताना चुकून रबर सोडून धातूला हात लागला, तेव्हा नीट समजलं.

पॉइंट आणि कॉइलची ही जोडी अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१०च्या सुमारास मोटारींसाठी जमवली आणि पुढची साठेक वर्षं जगातल्या बहुतेक गाड्या तिच्यावर धावल्या. म्हणजे साठ वर्षं जगभरची पोरं बॅटरी धरून उभी होती. असो.

झाडाखाली परत येऊ. माझी दुसरी खोड अशी की गाडी बंद पडली की मी टाकीचं झाकण उघडून आत बघतो. पेट्रोल आहे हे पक्कं माहीत असतं, तासापूर्वी मीच भरलेलं असतं, तरी बघतो. घरातून निघाल्यावर कुलूप ओढून बघायला परत जाणारी माणसं असतात, त्यातलं हे. आदल्या दोन वेळांना मात्र मी फार शहाण्यासारखा वागलो होतो. थेट प्लगला हात घातला होता, झाकणाला नाही. यावेळी थकून सवयीवर गेलो. झाकण फिरवलं आणि आतून आवाज आला.

फुस्स.

अगदी बारीक. टाकीने कधीचा अडलेला श्वास आत घेतल्यासारखा. झाकण लावलं, किक मारली, गाडी चालू. दहा मिनिटं न थांबता.

मग एकेक आठवायला लागलं. टाकी काठोकाठ भरली होती त्या दिवशी ही चौथ्या किलोमीटरलाच मेली होती आणि मी ते कंडेन्सरच्या खात्यावर मांडलं होतं. पेट्रोल खाली उतरायचं तर वरून तेवढीच हवा आत यायला हवी. हवा आली नाही की टाकीत पोकळी धरते, धार बारीक होत थांबते, कार्बोरेटर कोरडा. टाकी भरलेली असली की वर हवेला जागाच थोडी, म्हणून पोकळी लवकर धरते. थोडं थांबलं की कुठून तरी हवा झिरपते आणि गाडी पुन्हा भलीचंगी. तापण्या-निवण्याशी काडीचा संबंध नाही.

घरी येऊन झाकण उलटं केलं. त्याच्या पोटाशी सुईच्या टोकाएवढं भोक असतं, हवेसाठी. त्यात पांढरी, दगडासारखी वाळलेली मळी. ही मळी म्हणजे पॉलिश. झाकण आरशासारखं चमकावं म्हणून एक अख्खा रविवार मी ते कापडाने घासत बसलो होतो. अधूनमधून त्यात स्वतःचं तोंडही बघत होतो.

तसं बघितलं तर या गाडीची सगळीच दुखणी माझ्या हौसेची. हॉर्न वाजवला की दिवा जायचा. कारण अर्थिंगची तार मी सुंदर काळ्या रंगावर घट्ट आवळली होती आणि रंगातून करंट जात नाही. पॉलिश पेपरने तेवढाच रंग खरवडला, खाली उघडा पत्रा दिसला तेव्हा पोटात कालवलं, पण दिवा राहिला. इतकी वर्षं बाबांच्या हातात ही गाडी मळकट होती, टाकीवर झाकणाखाली पेट्रोलचा एक ओघळ कायमचा उमटलेला होता, आणि ते तिच्यावरून रोज कामावर जात. तो ओघळ मी आधी घासून आणि मग रंगवून घालवला.

बाबांना सगळं सांगितलं. ते आता फार बोलत नाहीत. टाकीवरून एकदा अंगठा फिरवला, उजव्या बाजूला जिथे पोचा होता तिथे जरा थांबले. पोचा मी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून काढलाय. "मूळ झाकण कुठंय?" एवढंच विचारलं. हेच मूळ, म्हटलं. त्यांनी ते हातात घेऊन उन्हात धरलं, भोकातून पलीकडे बघितलं आणि परत दिलं.

टाचणीने मळी काढली. झाकण पुन्हा चमकवायचं नाही असं ठरवलं; ते बघू किती दिवस टिकतं. रविवारी निघालो. बारावा किलोमीटर आला, गेला. वीस झाले, तीस झाले. चाळिसाव्याला मी चक्क गुणगुणत होतो.

एकेचाळिसाव्याला बंद पडली. झाकण उघडलं. फुस्स नाही.

हा कंडेन्सरच असावा. नवा होता ना.