हो ला हो

मे महिन्यातली दुपार. बाहेर 43 अंश, आत कूलरची घरघर. मी पेपर तोंडावर घेऊन पडलो होतो आणि ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून काहीतरी सांगत होती. मी सवयीनं "हं, हो" म्हणत होतो. तेवढ्यात लाईट गेली. कूलर थांबला आणि तिचं वाक्य मधूनच एकदम लख्ख ऐकू आलं, "...म्हणून मी वहिनीला सांगितलं, आमचे हे कशालाही हो म्हणतात, त्यांना विचारून काही उपयोग नाही."

पेपर तोंडावरून काढायचा धीर झाला नाही. तिची वहिनी दोन पोरांना घेऊन आठ दिवस राहायला येणार, हे मी त्याच दुपारी मंजूर केलं होतं असं संध्याकाळी कळलं.

मी बहिरा नाही, हे आधी सांगतो. रात्री ओट्यावर मांजर चढलं तर मला जाग येते. पण माणूस बोलायला लागला की आवाज येतो आणि शब्द येत नाहीत. पावसात भिजलेल्या पेपरासारखं. मथळा वाचता येतो, आतला मजकूर पसरलेला. पंखा, कूलर, मिक्सर, रस्त्यावरची रिक्षा, यातलं काहीही एक चालू असलं की संपलं.

मग "काय?" विचारायचं. पहिला "काय?" फुकट असतो. दुसऱ्याला पुढं वाकून कानामागं हात न्यावा लागतो. तिसऱ्या "काय?"ला समोरच्याचा चेहरा बदलतो आणि तो म्हणतो, "जाऊ द्या, काही विशेष नाही." मराठीत याच्याइतकं दुष्ट वाक्य दुसरं नसेल. काहीतरी विशेष होतं, ते आपल्या वाटणीचं होतं आणि आता ते कायमचं गेलं. म्हणून मी दोन "काय?"नंतर "हो" म्हणून मोकळा होतो. माझ्याकडं तऱ्हेतऱ्हेचे "हो" आहेत. हसरा आहे, मान हलवून च्‌च्‌ करणारा आहे. अगदीच अडलं तर "बघू की." सोलापुरात "बघू की" म्हटल्यावर पुढं कुणी काही विचारत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मात्र हे अंगाशी आलं. जिन्यात वरच्या मजल्यावरचे शेजारी भेटले. खाली बोअरची मोटर चालू. ते काळजीनं म्हणाले, "रात्रीपासून साप हाय ओ. उतरंना."

दोनच दिवसांपूर्वी बाजूच्या मोकळ्या प्लॉटमधून एक धामण आमच्या पार्किंगमध्ये आली होती. त्यामुळं मला नवल वाटलं नाही. मी विचारलं, "कुठवर चढलाय?"

"एकशे दोनवर."

102 नंबरला एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. मी धावत खाली गेलो, वॉचमनला उठवला, त्याची काठी घेतली आणि 102 च्या दाराबाहेरून ओरडलो, "मॅडम, दार उघडू नका! हलू नका!" दार उघडू नका म्हटल्यावर कुणीही करेल तेच त्यांनी केलं, दार उघडलं. सगळा जिना गोळा झाला. शेजारी मागून आले. त्यांनी माझ्या हातातली काठी बघितली आणि शांतपणे म्हणाले, "पोराला ताप आलाय, असं म्हणालो मी." ते पोरगं कठड्यावरून खाली वाकून सगळं बघत होतं. त्याचा ताप तिथंच उतरला असावा, इतकं ते हसत होतं. अजूनही वॉचमन मला बघितलं की काठी पुढं करतो.

त्यानंतर हिनं मला कान तपासायला नेलं. एका बंद खोलीत बसवलं, कानावर हेडफोन चढवले, टूं ऐकू आलं की बटण दाबायचं. मी परीक्षेला बसल्यासारखा दाबत होतो. दोनचार वेळा तर न ऐकताच दाबलं. तिथंही "हो" म्हणायची खोड! तपासणाऱ्या बाईंनी ते ओळखलं, परत घेतलं आणि मग कागदावरची रेघ दाखवली. बरी चाललेली रेघ 4000 हर्ट्झपाशी, म्हणजे वरच्या पट्टीत, खड्ड्यात पडावी तशी खाली गेलेली.

त्यांनी समजावून सांगितलं (खोली शांत होती, म्हणून समजलं). बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीतले आणि दणकट असतात, ते पोचतात. स, श, फ, त, क ही मंडळी वरच्या पट्टीतली आणि मुळातच नाजूक, ती वाटेत गळतात. म्हणजे माझ्यापर्यंत आला होता नुसता "आप". ताप, साप, बाप, माप, यातलं काय लावायचं ते माझ्या डोक्यानं परस्पर ठरवलं, आणि डोक्यात त्या आठवड्यात धामण होती. आतल्या कानात बारीक केसांच्या पेशी असतात. दणक्यानं एकदा मेल्या की माणसात त्या परत उगवत नाहीत. बाईंनी विचारलं, "कधी मोठ्या आवाजात काम केलंय?"

मी म्हटलं, "नाही. तिथं जन्मलो फक्त."

सोलापूरच्या पूर्व भागात आमची दोन खोल्यांची जागा होती आणि मागच्या भिंतीपलीकडं यंत्रमाग. भिंत कायम थरथरायची. फळीवर मांडलेले पितळी पेले दिवसभर तसूतसूनं पुढं सरकायचे आणि संध्याकाळी अगदी कडेला येऊन उभे राहायचे. आई दिवा लावायच्या आधी ते सगळे पालथ्या हातानं मागं ढकलायची. एखादे दिवशी विसरली तर रात्री ठणकन आवाज. वडील त्याच शेडमध्ये चादरी विणायचे. आठ तासांसाठी 85 डेसिबलच्या पुढचा आवाज कानाला धोक्याचा धरतात. धोट्याच्या (आडवा धागा इकडून तिकडं नेतो तो) मागांच्या शेडमध्ये तो 90 च्या पुढं सहज जातो. तेव्हा डेसिबल कुणाला ठाऊक? कापूस कानात घालायचा तो थंडीत. सुट्ट्यांमध्ये मीही तिथंच पडीक असायचो, सुताच्या कांड्या उचलून दे, पाणी आणून दे.

शेडमध्ये तोंडानं कुणी बोलतच नसे. दोन बोटांची कात्री म्हणजे धागा तुटला. मिशीला पीळ म्हणजे मालक येतोय. आमच्या मालकाला मिशी नव्हती, आधीच्या कुणाला तरी असावी. अंगठा ओठाशी नेऊन मान जराशी मागं, म्हणजे चहा. वडील घरीही तसंच करायचे. आईला हाक मारून चहा मागितल्याचं मला आठवत नाही.

आणि शेजार? शेजारी सगळा तेलुगू, पलीकडच्या बोळात कानडी. पायरीवर मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली अक्का मला बघितलं की विचारायची, "अन्नं तिन्नावा?" बोळातली आजी विचारायची, "ऊट आय्ता?" मी दोघींनाही मान डोलावायचो. पुढं कळलं की दोघी एकच विचारत होत्या, जेवलास का? मी "हो" म्हणत असल्यामुळं हातावर काहीच पडत नव्हतं. थोरल्या बहिणीनं मग मला "लेदु" शिकवलं. लेदु म्हणजे नाही. लेदु म्हटलं की अक्का आत जाऊन पप्पू-भाताचं, म्हणजे वरण-भाताचं, ताट आणायची. आयुष्यात फायद्याचा ठरलेला माझा तेवढा एकच नकार.

सांगायचं एवढंच, की अर्धवट कळणं हे आमच्या गावात कुणाला खटकत नाही. तीन भाषांत निम्मं निम्मं समजून सगळ्यांचं बरं चाललेलं असतं. त्यामुळं माझं निम्मं कशामुळं आहे, हे इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.

गर्दीतून एकच आवाज वेगळा काढून ऐकायच्या या करामतीला 1953 साली कॉलिन चेरी नावाच्या इंग्रज संशोधकानं कॉकटेल पार्टीचं नाव दिलं. त्याला बिचाऱ्याला आपल्याकडचं लग्नाचं कार्यालय माहीत नसणार. एकीकडं बँड, वर स्पीकर, वाढप्यांच्या बादल्या, आणि त्यात शेजारचा पाहुणा आपल्या कानाशी जमिनीच्या वाटणीचं सांगतो. मी तिथं नेहमी कोपऱ्यातली, पाठीशी भिंत असलेली खुर्ची धरतो. लोकांना वाटतं, हा गर्विष्ठ आहे. वाटू दे. कानाचं यंत्र घेतलंय, पण ते लावून पंगतीत बसलो की शब्दांच्या आधी चमचे ऐकू येतात. सध्या ते कपाटात, चष्म्याच्या जुन्या घरात आहे.

मी ओठ वाचतो, हे मला कोरोनात कळलं. सगळ्यांच्या तोंडाला मास्क आला आणि गावच्या गाव माझ्यासाठी मुकं झालं. भाजीवाली, बँकेतला कॅशियर, सगळे नुसते डोळे. वडील त्याच काळात दवाखान्यात होते, पोटाच्या ऑपरेशनसाठी. सकाळी डॉक्टर आले, मास्कच्या आतून दोनतीन मिनिटं माझ्याशी बोलले. मी एकदा "काय?" म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणायला लाज वाटली, कारण मागं अजून पेशंट होते. "हो हो," म्हटलं. ते गेले.

वडील खाटेवरून माझ्याकडं बघत होते. त्यांनी अंगठा ओठाशी नेला आणि मान जराशी मागं केली.

त्या आठवड्यात परत न विचारता मला कळलेलं ते पहिलं बोलणं. मी थर्मास घेऊन खाली पळत गेलो, फाटकासमोरच्या गाड्यावरून चहा आणला, कपात ओतून त्यांना धरून बसवलं. तेवढ्यात बहीण आली. दारातच थबकली. तिला मास्क हनुवटीवर ओढून बोलायची सवय होती, म्हणून शब्द न् शब्द कळला.

"अरे, तोंडानं काही द्यायचं नाही म्हणालेत ना डॉक्टर? तू हो म्हणालास म्हणे त्यांना!"

कप अर्धा झाला होता. वडिलांना तिचं काहीच ऐकू गेलं नव्हतं. ते माझ्याकडं बघून चिमूट चोळत होते. साखर कमी आहे.