पाळकसाहेब बोलले, जबाब कोणी द्यायचा?

गेल्या महिन्यात गावाहून भाच्याचा फोन आला. "आत्या, मोकळी आहेस का? जरा लफडं झालंय." तो ग्रामपंचायतीला उभा आहे. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, उपदेशातले चाळीसेक सेकंद कोणीतरी मोबाइलवर घेऊन गावाच्या ग्रुपवर टाकले. ते काय बोलले ते इथे लिहून मी त्याला आणखी पाय फोडणार नाही. शेजाऱ्यांबद्दल होतं आणि बरं नव्हतं, एवढं पुरे. आता पारावर जो भेटेल तो भाच्याला विचारतो, "तुमचे फादर असं बोलले, तुझं काय म्हणणं?" (आम्ही प्रॉटेस्टंट, आमच्यात फादर नसतात. पण पारावर हे कोण समजावणार!)

"तू तिकडे शिकागोत ओबामाच्या वेळचं सगळं बघितलंयस ना," तो म्हणाला. "त्यांनी काय केलं होतं?"

बघितलं खरं. मार्च २००८, ओबामा राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झगडत होते. मी तेव्हा रात्रपाळीला असायचे आणि माझ्याबरोबरची एक नर्स शहराच्या साउथ साइडवरच्या ट्रिनिटी चर्चची सभासद होती. ओबामांचं चर्च तेच. १९९२ साली त्यांचं लग्न तिथल्याच पाळकांनी, जेरेमाया राइट यांनी लावलं. मुलींचे बाप्तिस्मेही त्यांच्याच हातचे. टीव्हीवर राइट यांच्या जुन्या उपदेशांचे तुकडे फिरायला लागले. २००३ च्या एका तुकड्यात ते म्हणत होते, देव अमेरिकेला आशीर्वाद देवो कसलं, शाप देवो म्हणा. दुसरा ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर लगेचच्या रविवारचा: अमेरिकेच्या कोंबड्या संध्याकाळी आपल्याच खुराड्यात परतल्या. आपल्याकडे पेराल तसं उगवेल म्हणतात, त्यातलाच प्रकार. तीन हजार माणसांचे देह अजून ढिगाऱ्याखाली असताना मात्र ते ऐकवत नाही.

स्टाफरूममधला टीव्ही दिवसरात्र तेच दाखवायचा. माझी मैत्रीण त्याच्याकडे पाठ करून डबा खायची. पत्रकार चर्चच्या दारात उभे असायचे, हे आम्हीही पाहत होतो. पण तिने सांगितलं की रविवारच्या पत्रिकेत आजारी सभासदांची नावं प्रार्थनेसाठी छापतात, ती यादी घेऊन पत्रकार त्या लोकांना घरी फोन करत होते. पुढे चर्च सोडताना ओबामांनीही ही तक्रार बोलून दाखवली. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीने कोणाकोणाचे जबाब द्यायचे?

एड्सचा विषाणू सरकारनेच काळ्यांना संपवायला बनवला, असंही राइट म्हणाले होते. मी नर्स, मला ते सहन होईना. मैत्रिणीला तोंडावर विचारलं, "तुला हे पटतं?" ती म्हणाली, "नाही. पण टस्कीगी माहीत आहे ना?" माहीत होतं, अर्धवट. अलाबामात १९३२ पासून १९७२ पर्यंत सरकारी आरोग्य खात्याने उपदंश झालेल्या सुमारे चारशे काळ्या पुरुषांना उपचाराविना ठेवलं, रोग कसा वाढतो ते बघायला. पेनिसिलिन सर्रास मिळायला लागलं तरी दिलं नाही. त्यांची विचारपूस करणारी नर्सही काळीच होती. "माझ्या आजीला पाळकांचं म्हणणं खोटं वाटत नाही," मैत्रीण म्हणाली, "आणि मी तिला मूर्ख म्हणू शकत नाही." राइट यांचं म्हणणं खोटंच होतं, ते मी आजही म्हणेन. पण त्या बाकावर बसणाऱ्यांच्या मनात काय असतं हे टीव्हीवरून कळत नाही, एवढं त्या रात्री कळलं.

उमेदवारीच्या शर्यतीत ओबामांच्या प्रतिस्पर्धी असलेल्या हिलरी क्लिंटन तेव्हा म्हणाल्या होत्या की कुटुंब निवडता येत नाही, चर्च निवडता येतं. राइट आपले पाळक राहिले नसते, असंही त्या म्हणाल्या. मला हे पहिल्यांदा अगदी बिनतोड वाटलं. ट्रिनिटी ज्या पंथाची मंडळी आहे त्या युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टमध्ये पाळक वरून नेमत नाहीत, मंडळीच, म्हणजे चर्चचे सभासदच, बोलावते. मग मंडळीने उत्तर द्यायला काय हरकत आहे? गंमत म्हणजे त्या पंथाचं एक मूळ आमच्याच मूळाशी जातं. १८१३ साली मुंबईत उतरून अमेरिकन मराठी मिशन सुरू करणारे आणि पुढे नगरला आलेले मिशनरी अमेरिकेच्या ईशान्येकडच्या त्याच न्यू इंग्लंडच्या मंडळ्यांचे. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक नगरला राहिले ते त्याच मिशनच्या आसऱ्याने. म्हणजे मैत्रीण आणि मी लांबच्या चुलतबहिणीच. पण आमच्या गावात चर्च एक, पाळक बिशपसाहेब पाठवतील तो, आणि भिंतीपलीकडे आजा-पणजाची थडगी. भाच्याने काय निवडायचं?

ओबामांनी १८ मार्चला फिलाडेल्फियात भाषण केलं. वादग्रस्त बोलणं चर्चमध्ये बसून ऐकलं का? हो. पटलं का? नाही. आणि तरी या माणसाला मी टाकू शकत नाही, जसं मला वाढवणाऱ्या माझ्या गोऱ्या आजीला टाकू शकत नाही. रस्त्याने जाणाऱ्या काळ्या माणसाची तिला भीती वाटायची, हेही त्यांनी सांगून टाकलं. आजीला चव्हाट्यावर आणायला नको होतं, असं मला अजूनही वाटतं. पण उत्तर सरळ होतं. एप्रिलअखेर राइट यांनी वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांसमोर तेच पुन्हा सुनावलं, दुसऱ्या दिवशी ओबामांनी संबंध तोडले आणि ३१ मेला चर्चही सोडलं.

त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार जॉन मकेन यांचंही एक प्रकरण झालं, ते लोक विसरतात. टेक्सासच्या जॉन हेगी या पाळकांचा पाठिंबा त्यांनी फेब्रुवारीत घेतला होता. मे महिन्यात हेगींचा जुना उपदेश बाहेर आला: ज्यूंना त्यांच्या देशात परत धाडायला देवाने हिटलरचा वापर केला. मकेन यांनी पाठिंबा झिडकारला. हेगी काही मकेन यांचे पाळक नव्हते. म्हणजे नातं हलकं, म्हणून जबाबदारीही हलकी, असं तेव्हा टीव्हीवरची शहाणी माणसं म्हणायची. मला उलट वाटतं. ज्याने तुमचं लग्न लावलं, त्याच्या तोंडून पुढे काय निघेल हे तुम्ही ठरवून घेतलेलं नसतं. पण मतांसाठी ज्याच्या दारात गेलात, त्याची चौकशी आधी करायला कोणी अडवलं होतं? भाच्याला मी पहिला प्रश्न हाच विचारला, "पाळकसाहेबांना मंडळीकडून मतं मागायला सांगितलंयस का?"

तो जरा थांबला. "एकदा स्टेजवर आशीर्वाद घेतला. फोटो आहे."

"मग उत्तर दे."

याच हेगींनी न्यू ऑर्लिन्सच्या कतरिना वादळाला तिथल्या पापाची शिक्षा म्हटलं होतं. ते वाचलं आणि मला गावातलं चर्च आठवलं. ३ ऑक्टोबर १९९३ चा रविवार, किल्लारीचा भूकंप होऊन तीन दिवस झालेले. मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, सुट्टीला घरी आलेले. तेव्हाच्या पाळकांनी व्यासपीठावरून सांगितलं की रात्रभर मूर्तींची मिरवणूक काढणाऱ्यांना पहाटे देवाने उत्तर दिलं. बाकांवर कोणी हललं नाही. माझे वडील मंडळीचे पंच होते. उपासना संपल्यावर ते दारात पाळकांशी हात मिळवून "सलाम साहेब" म्हणाले आणि सरळ बाजारात गेले. संध्याकाळपर्यंत त्यांनी साठ घोंगड्या जमवल्या, आणि मंगळवारी टेम्पोबरोबर स्वतः लातूरकडे गेले. पाळकांना ते त्यावरून कधी एक शब्द बोलले नाहीत. मी कित्येक वर्षं ही गोष्ट अभिमानाने सांगत आले.

भाच्यालाही सांगितली. त्याने आजोबांच्या घोंगड्या लहानपणापासून ऐकलेल्या. तो म्हणाला, "आजोबांचं ठीक आहे गं. तू काय केलंस?"

"मी बाकावर बसले होते," मी म्हटलं. "महिन्याचा पहिला रविवार होता. पाळकांच्या हातून प्रभुभोजनाची भाकर घेतली, आणि घरी आले."