अकरावं कलम

डिसेंबर १९९८. फोर्टातल्या एका छोट्या गुंतवणूक कंपनीत मी नोकरीला होते. सीए होऊन तीन वर्षं झालेली, आणि कॉम्प्युटरमधलं एक्सेलपलीकडे काही कळत नव्हतं. तरी शेठनी फाइल माझ्याच टेबलावर टाकली. "पुण्याची पार्टी आहे. वाय-टू-के, म्हणजे २००० सालचा तारखांचा घोळ, दुरुस्त करते. दोन कोटींना वीस टक्के हिस्सा देते म्हणते. बघून ये."

फाइलच्या पहिल्याच पानावर गार्टनर या अमेरिकन संशोधन कंपनीचा आकडा होता: जगभरात दुरुस्तीचा खर्च ३०० ते ६०० अब्ज डॉलर. तेव्हा अशा प्रत्येक फाइलवर तो असायचाच. त्यातलं आपल्या वाट्याला किती येणार, ते मात्र कुठे लिहिलेलं नसायचं.

पहाटेची इंद्रायणी पकडून मी पुण्याला उतरले. कोथरूडमध्ये एका इमारतीचे दोन मजले त्यांनी भाड्याने घेतले होते. मालक पन्नाशीचे, उमेदीची वर्षं मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या अवाढव्य कॉम्प्युटरवर, काढलेले. चहा येईपर्यंत त्यांनी व्हिजिटिंग कार्डाच्या मागे ९८१२१४ असं लिहिलं. "ही आजची तारीख. जुन्या काळी मेमरी महाग, म्हणून वर्षाचे दोनच आकडे. आता १९३५ साली जन्मलेला पेन्शनर घ्या. ९९ वजा ३५, चौसष्ट. बरोबर. २००० साली ०० वजा ३५. उत्तर उणे पस्तीस. पण कोबॉल या प्रोग्रॅमिंगच्या जुन्या भाषेत त्या जागेला चिन्हाची सोयच ठेवलेली नसेल, तर उणे गळून पडतं. म्हातारा एका रात्रीत पस्तीस वर्षांचा. पेन्शन बंद!"

मग त्यांनी त्यांचं टूल दाखवलं. हजारो ओळींच्या प्रोग्रॅममधून तारखा शोधून पिवळ्या करणारं. पंच्याऐंशी टक्के काम आपोआप होतं, असा दावा. पडद्यावर सगळं झकास चाललं होतं, आणि त्यातलं काही तपासण्याची माझी पात्रता नव्हती. म्हणून मला येतं ते केलं. खर्चाच्या वह्या मागवल्या.

स्टेशनरीच्या खात्यावर बोट अडकलं. चाळीस माणसांच्या ऑफिसला एवढा कागद? आणि रात्री अकरानंतरची एवढी रिक्षाबिलं?

"टूल एवढं हुशार आहे, तर कागद कशाला लागतो?" मी विचारलं.

ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "वर चला."

वरच्या मजल्यावर हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कागदाचे ढीग, आणि त्यांत डोकं घालून बसलेली तिशीच्या आतली पोरं, प्रत्येकाच्या हातात हायलायटर. सांगलीहून आलेली एक मुलगी मला समजावायला लागली. टूल नावावरून तारीख ओळखतं. नावात 'डेट' असेल तर सापडते. पण वीस वर्षांपूर्वी कुणी त्या जागेला 'टेम्प-सिक्स' म्हणून ठेवलं असेल, तर ती माणसानेच वाचून काढायची. सापडली की चौकट टाकायची: ०० ते २९ म्हणजे दोन हजारनंतरची वर्षं, ३० ते ९९ म्हणजे एकोणीसशेची.

"आणि २०३० साली?"

ती हसली. "तोवर हे प्रोग्रॅम राहतायत कुठे, मॅडम?" आणि मग स्वतःच, जरा हळू आवाजात, "लिहिणाऱ्यांनीही तेच धरलं असणार म्हणा."

जेवण झाल्यावर मी अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचा चौदा पानी करार वाचायला घेतला. दर ओळीमागे पैसे, शेवटचा हप्ता नोव्हेंबर १९९९. अकरावं कलम असं: २००० सालभर तारखेची कुठलीही चूक निघाली तर दुरुस्ती विनामूल्य. म्हणजे मिळकत थांबणार एकोणीसशे नव्व्याण्णवला, आणि जबाबदारी त्यानंतर वर्षभर चालणार. ताळेबंदात तिच्यासाठी छदामाची तरतूद नव्हती. आणि कंपनीची किंमत काढली होती पुढच्या वर्षीच्या नफ्याला वीसने गुणून. जो नफा एकच वर्ष टिकणार, त्याला वीसने कसं गुणायचं?

मी ते कलम पुढे सरकवलं. मालकांनी चष्मा काढून पुसला. "ते घातलं नसतं तर काम मिळालं नसतं. खरं सांगू? पैसे मला टूलसाठी नकोच आहेत. या पोरांना वर्षभर बसवून जावा ही प्रोग्रॅमिंगची नवी भाषा शिकवायची आहे. नाहीतर नवं साल उजाडलं की चाळीस जणांना काय सांगू?"

दिवसभरात मी ऐकलेलं सगळ्यात शहाणं वाक्य ते होतं, आणि फाइलमध्ये त्याचा मागमूस नव्हता. त्या दोन मजल्यांवर विकत घेण्यासारखं काही असेल, तर ती पोरं होती. पण मी गेले होते नफा तपासायला. परतीच्या इंद्रायणीत, कर्जतच्या आधीच, मी टिपण लिहून टाकलं: या किमतीला नको, किंमत निम्म्याच्या खाली आली आणि पैसा प्रशिक्षणावरच खर्च होईल असं लेखी मिळालं, तर पुन्हा बोलू. शेठनी 'नको' एवढंच वाचलं.

नंतरचं वर्षभर सॉफ्टवेअरचे शेअर चढत राहिले आणि शेठ दर महिन्याला मला पुण्याची आठवण करून देत राहिले. २००० च्या फेब्रुवारीत सेन्सेक्स सहा हजारांच्या आसपास पोचला, तेव्हा तर मलाही आपलं चुकलं असंच वाटायला लागलं होतं.

२९ फेब्रुवारीला बजेट होतं. यशवंत सिन्हांचं भाषण चालू, अख्खं ऑफिस टीव्हीला चिकटलेलं, आणि माझा फोन वाजला. पुण्याहून मालक.

"मॅडम, अमेरिकेत आत्ता मध्यरात्र उलटली. एका प्रोग्रॅममध्ये अठ्ठावीस फेब्रुवारीनंतर थेट एक मार्च लागलाय. शतकाचं वर्ष लीप नसतं एवढं लिहिणाऱ्याला ठाऊक होतं, चारशेने भाग जाणारं असतं हे नव्हतं. आमच्याही नजरेतून सुटलं. सांगलीची पोरगी बसलीय दुरुस्तीला."

"बिल किती लावणार?" मी सवयीने विचारलं.

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "तुम्हीच वाचलंत ना अकरावं कलम?"